कापसाच्या रानातली दोन गाणी

अमेरिका आमच्या घरात पहिल्यांदा आली ती पोत्यातून. साल 1972. नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला आमचं गाव. पावसानं दगा दिलेला, विहिरी तळाला गेलेल्या आणि रेशनच्या दुकानात लाल ज्वारी आलेली. तिला सगळे मिलो म्हणत. थापताना तिची भाकर चिरायची, तव्यावर टाकली की कडेनं फुटायची. माय म्हणायची, "ही तिकडं ढोरं खातेत म्हणं. आपली ढोरं बाजारात गेली, आता ढोराचं आपुनच खावं." तिकडं म्हणजे कुठं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते शाळेतल्या नकाशावर मास्तरांनी दाखवलं.

त्या वर्षी गावातली हातपाय धड असलेली सगळी माणसं दुष्काळी कामावर होती. रस्त्यासाठी खडी फोडायची. पुरुषांनी मोठे दगड सुटे करायचे, बायकांनी हातोडीनं ते बारीक करायचे, ढीग मोजून मजुरी. आजी तेव्हा साठीला टेकलेली. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर कपाळावर ओढून ती बसायची आणि गायची. ओव्या जात्यावरच्याच, पण जातं घरी रिकामं होतं, मूठभर मिलो गिरणीवर जायची. मग हातोडीच्या घावावर ती ओवीचे शब्द लांबवायची, आखडायची. एका ओवीत भावाला निरोप असे, दुसरीत मुकादमाच्या टेपाची लांबी. मुकादम जवळ आला की ओवी विठ्ठलाची होई. तो लांब गेला की पुन्हा त्याची. बाया हातोडी न थांबवता हसत. लहानपणी मला वाटे, आजीला दोनच देव माहीत आहेत, एक पंढरपूरचा आणि एक खडीवरचा.

दुसऱ्यांदा अमेरिका आली ती पुस्तकातून. मॅट्रिकनंतर मी लातूरला मामाकडे शिकायला राहिलो. तिथं वाचनालयात 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक हाती लागलं. लेखक डॉ. जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे प्राध्यापक, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू, नंतर राज्यसभेचे सदस्य. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं साहित्य मराठीत समजावून सांगण्याचं काम लातूरच्या माणसानं करावं, यात योगायोग फारसा नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले; हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. 1946 मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 मध्ये, आम्ही मिलो खात होतो त्याच वर्षी, मुंबईतल्या तरुणांनी संघटना काढली आणि तिकडच्या ब्लॅक पँथरवरून तिला दलित पँथर हे नाव दिलं. तिकडची हकीकत इकडं वाचली जात होती, ती अशी शंभर वर्षं.

त्या वाचनातून कापसाचं कळलं आणि मी चमकलो. आमचा सगळा मुलूख कापसाचा. नांदेडची गावरानी रुई एकेकाळी नावाजलेली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेलं 'नांदेड-44' हे संकरित वाण नंतर मराठवाड्यातल्या घराघरांत पोचलं. तिकडं मिसिसिपी नदीच्या काठच्या सपाट काळ्या जमिनीत कापूस होता आणि त्या कापसात ब्लूज नावाचं गाणं निपजलं. 1865 मध्ये अमेरिकेनं घटनादुरुस्ती करून गुलामी उठवली. पण जमीन जुन्या मालकांचीच राहिली. सुटलेल्या माणसाकडं ना बैल, ना बियाणं, ना घर. मग तो त्याच मालकाची जमीन वाट्यानं करू लागला. बियाणं, पीठ, कापड सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षाअखेरीला हिशेब, वही मालकाची, वाचणारा मालक, आणि बेरीज अशी की कुटुंबाच्या अंगावर बाकी निघालीच पाहिजे.

हे वाचताना मला आमचा गुढीपाडवा आठवला. पाडव्याला सालगडी ठरतात. मालक उचल देतो, गडी साल धरतो. लेकीचं लग्न, दवाखाना, एखादं मरण यांत उचल वाढते आणि पुढच्या पाडव्याला फिटत नाही. मग दुसरं साल, तिसरं साल. माझा चुलता एका उचलीपायी किती साल बांधून होता ते त्यालाही नीट सांगता येत नसे. निजामाच्या राज्यात तर भगेला होता, कर्जापोटी माणूसच राबवून घ्यायचा. 1936 मध्ये निजाम सरकारनं असल्या करारांवर कायदा केला, पण कायदा हैदराबादला राहायला होता आणि भगेला गावात. वेठबिगार संपवणारा देशभराचा कायदा यायला 1976 उजाडावं लागलं.

तेव्हा ब्लूजचं मूळ दुःखात आहे, असं कुणी म्हटलं की मला ते अपुरं वाटतं. दुःख राजालाही असतं. हे गाणं हिशेबाचं आहे. कष्ट माझे, वही त्याची, आणि बेरीज चुकलेली आहे हे मला ठाऊक आहे. पण तोंडावर म्हणायची सोय नाही, म्हणून मी गातो. शेतात राबणाऱ्यांच्या हाका, रस्त्यावर आणि तुरुंगाच्या शेतांवर साखळदंडात काम करणाऱ्या कैद्यांची एकानं म्हणायची आणि सगळ्यांनी उचलायची गाणी, चर्चमधली भजनं, हे सगळं विसाव्या शतकाच्या तोंडावर एकत्र आलं. एकटा माणूस, एक गिटार आणि 'मी'नं सुरू होणारी ओळ, असं त्याला रूप आलं. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडमास्तर 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर रखडलेल्या गाडीची वाट बघत होता. शेजारी एक फाटक्या कपड्यातला माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासत, दोन रेल्वे एकमेकींना ओलांडतात त्या ठिकाणाविषयी गात बसलेला. हँडीनं पुढे 1912 मध्ये 'मेम्फिस ब्लूज' छापलं. तो स्टेशनावरचा माणूस कोण, त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा अमेरिका आली ती कॅसेटमधून. हैदराबादला नोकरीला असलेल्या एका मित्रानं दिली. बेसी स्मिथची गाणी. 1920 मध्ये मेमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ची तबकडी तुफान खपली आणि तबकडीच्या धंद्याला कळलं की काळी माणसंही पैसे देऊन गाणं विकत घेतात. मग काळ्यांसाठी वेगळ्या तबकड्या निघू लागल्या आणि त्यांतले पहिले मोठे आवाज बायांचे होते, मा रेनी आणि बेसी स्मिथ यांचे.

टेपरेकॉर्डर ओसरीवर होता. आजी भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. दोन गाणी झाल्यावर तिनं विचारलं, "हिचा नवरा कुठं गेलाय?"

मी हसलो. म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"कळतंय की. आन ही एकच बात दोनदा म्हणलालीय."

ब्लूजची घडण अशीच असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. याचं कारण जाणकारांनी परोपरीनं सांगितलेलं आहे. आजीनं ते जात्यावरून सांगितलं. जात्याला समोरासमोर दोघी बसतात. एक ओळ टाकते, दुसरी तीच ओळ उचलते. ती उचलत असताना पहिलीला श्वास मिळतो आणि तेवढ्यात तिला पुढची ओळ सुचते. "एकलीच दळलालीस तर मग आपलीच वळ आपुन परत म्हणावी. तवर डोस्कं पुढचं जुळवतंय." म्हणजे ओळ परत म्हणायची ती रडणं वाढवायला नव्हे, उत्तर जुळवायला वेळ मिळावा म्हणून. दुःख दोनदा बोलायचं, कारण तिसऱ्या वेळी त्याच्यावर काहीतरी फिरवून मारायचं असतं. हेच उत्तर कधी टोमणा असतं, कधी थट्टा, कधी नुसती निघून जायची धमकी. आजीच्या खडीवरच्या ओव्यांवर बाया हसत, ते या तिसऱ्या ओळीवर.

जात्यावरच्या ओव्यांचा हा धांडोळा हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी आयुष्य घालून घेतला. गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी त्यांना बाबासाहेबांच्या ओव्या गाऊन दिल्या. सीतेचा वनवास, माहेरचा भाऊ, पंढरीची वाट, आणि त्याच चालीत, त्याच मापात, दिल्लीला घटना लिहिणारा भीमराव. देव बदलला तरी जातं तेच होतं. पुढे गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायची वेळच घरातून उठली. तिकडं कापूस वेचायची यंत्रं आल्यावर शेतातल्या हाका बंद पडल्या, तसंच.

इथपर्यंत दोन्ही गाणी हातात हात घालून चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात आणि त्या कुठं फुटतात हे मला आज्यामुळं कळलं.

आमचं घर मांगवाड्यातलं. अंबाडीचे दोर वळायचे, फडे बांधायचे, पोळ्याला तोरण करायचं, आणि हलगी वाजवायची. हलगी म्हणजे एका कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. वाजवायच्या आधी विस्तवावर धरून ती तापवावी लागते. कातडं सैल असलं तर आवाज बसका निघतो. तापलं की दूरच्या गावाला ऐकू जातो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. आजाची हलगी पाच गावांत प्रसिद्ध होती असं जुनी माणसं सांगत. पण ती त्यानं निवडलेली नव्हती. लग्न असो, मयत असो, पोळा असो, गावात दवंडी द्यायची असो, वाजव म्हटलं की वाजवायची. मांडवाच्या बाहेर बसायचं, पंगती उठल्यावर उरलेलं फडक्यात घ्यायचं, आणि खळ्यावरच्या बलुत्यासाठी पुन्हा मागायला उभं राहायचं.

मिसिसिपीतल्या गड्याची गिटार त्याची स्वतःची होती. टपालानं माल पाठवणाऱ्या मोठ्या दुकानांच्या सूचीपत्रातून ती स्वस्तात मागवता येई. शनिवारी रात्री, मालकाच्या कामाचं घड्याळ थांबल्यावर, दारू आणि नाच चालणाऱ्या लाकडी खोल्यांतून तो वाजवी. तिथं मालक नसे. म्हणून तर चर्चची माणसं त्याला सैतानाचं संगीत म्हणत आणि रॉबर्ट जॉन्सननं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून हात मिळवला अशी दंतकथा झाली. 27 व्या वर्षी, 1938 मध्ये, तो वारला. ध्वनिमुद्रित झाली ती 29 गाणी. तो सैतानाचा असेल, पण मालकाचा नव्हता. आमच्याकडं मात्र वाद्यच वेठीला धरलेलं होतं. आजाच्या हातातली कला आणि त्याच्या मानेवरचं जू या दोन वस्तू नव्हत्याच, ती एकच हलगी होती.

आजी ही गोष्ट सांगायची. पोलीस ॲक्शनच्या आदल्या सालची. वाड्यावर लग्न होतं, तीन दिवसांचं. आमच्या घरात माझी एक आत्या होती, चारेक वर्षांची, तिला देवी आलेल्या. आजाला बोलावणं आलं. पोर फणफणलीय म्हणून त्यानं हात जोडले. "पोर काय आज मरती का," असं म्हणून त्याला नेलं. तिसऱ्या दिवशी तो फडक्यात भात आणि बुंदी घेऊन घरी आला, तोवर आत्याला पुरून झालं होतं. आजी इथं थांबत नसे, सरळ पुढं सांगे: "सांच्याला वरातीला पुन्यांदा बलावलं. तुज्या आज्यानं हलगी इस्तवावर धरली. ती तापली, तडकली, तरी त्यानं काढलीच न्हाई."

बलुतं बंद झालं. गावच्या पाणवठ्याजवळ आधीही जाता येत नव्हतं, आता वाटही बंद. आजा नांदेडला गेला. तिथं उस्मानशाही मिल होती, जिनिंग होत्या, कापसाच्या गाठी उचलायला माणसं लागत. त्याच वेळी मुलखात रझाकारांची धामधूम. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज आली आणि 17 ला निजाम शरण आला. गावं आनंदात होती. आजा म्हणे, "निजाम गेला, पर वाडा हाय तितंच हाय." त्यानंतर तो जगला तोवर त्यानं घरात कुठल्याही चामड्याच्या वाद्याला हात लावू दिला नाही. बापाला त्यानं शाळेत घातलं. बापाला हलगीचा एक ठोका येत नव्हता आणि आजाला त्याचा अभिमान होता.

म्हणून मला वाटतं, मराठवाड्याचा ब्लूज वाद्यात शोधू नये. तो गळ्यात आहे. ज्यांच्या हातात वाद्य दिलं गेलं त्यांनी ते टाकून देणं हीच त्यांची सुटका होती. आणि ज्यांना वाद्य नव्हतं त्या बायांनी दगडाच्या घरघरीवर खरं ते म्हणून ठेवलं.

गळ्यातलं हे गाणं रेल्वेनं शहरात गेलं. तिकडं इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं काळी माणसं दक्षिणेतून शिकागोला गेली. पहिल्या महायुद्धापासून 1970 पर्यंत दक्षिण सोडून गेलेल्यांची संख्या 60 लाखांच्या घरात होती. मडी वॉटर्सला 1941 मध्ये ॲलन लोमॅक्सनं मिसिसिपीतल्या मळ्यावर, तो राहत होता त्या घरातच ध्वनिमुद्रित केलं. आपला आवाज तबकडीवर ऐकून त्याला हिंमत आली आणि 1943 मध्ये त्यानं शिकागो गाठलं. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून त्यानं विजेची घेतली. इकडं लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रजानं काढलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची, 1911 मध्ये लातूरला पोचलेली. माझा मोठा मामा याच गाडीनं कुर्डुवाडीपर्यंत आणि तिथून मुंबईला गेला. ती इतकी सावकाश चाले की चढणीला पोरं उतरून पाणी पिऊन परत चढत, असं तो सांगे. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात तो राहिला. तिथं सगळ्या महाराष्ट्राची तुटलेली गावं शेजारी शेजारी नांदत होती आणि रात्री डफ वाजत होता. मामा म्हणे, "गावात डफ वाजवला तर भाकर मिळायची. तितं वाजवला तर लोक ऐकायला बसायचे."

अण्णाभाऊ साठे याच मुंबईतले. 1920 सालचा, वाटेगावचा, दीड दिवस शाळेत गेलेला माणूस. पायी चालत मुंबईला आलेला. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ज्यानं ऐकली त्याला ब्लूज वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पोटासाठी शहरात आलेला गडी, गावी राहिलेली बायको, तिच्या आठवणी. पण छक्कड तिथं थांबत नाही. पुढे त्या विरहातून संयुक्त महाराष्ट्राची मागणी उभी राहते. घरची मैना आणि तुटलेला मुलूख एक होतात. ब्लूजचा गाणारा 'मी' शेवटपर्यंत 'मी'च असतो. आपल्याकडं तिसऱ्या ओळीला 'मी'चा 'आम्ही' झाला.

हे काम आंबेडकरी जलशानं केलं. त्याचं मूळ सत्यशोधकी जलशात. तमाशाचा साचा घ्यायचा, त्यातला गणपतीचा गण आणि कृष्णाची गवळण काढायची, आणि तिथं शिक्षण, सावकार, भटशाही, पाणवठा यांचं बोलायचं. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती 1930 च्या दशकात असे जलसे गावोगाव नेत. मग वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 मध्ये जन्मलेले, 2004 मध्ये गेलेले. मधली सगळी हयात गाण्यात. मराठवाड्यातली कितीतरी खेडी त्यांनी पायाखाली घातली. माझ्या बापानं त्यांना नांदेडला ऐकलं होतं. बाप सांगे की गॅसबत्तीच्या उजेडात मांगवाडा मागं उभा होता, पुढं महारवाडा बसला होता, आणि गाणं सुरू झाल्यावर हळूहळू मागचे पुढं सरकून बसले. आज हे ऐकायला साधं वाटतं. दोन्ही वाड्यांत तेव्हा पाण्याचाही व्यवहार नव्हता.

याची किंमत 1978 मध्ये कळली. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावं पेटली. नांदेड जिल्ह्यात सगळ्यात जास्त. आमच्या भागातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे 4 ऑगस्टला मारले गेले. ते मातंग होते. 'जयभीम' म्हणणं सोडायला ते तयार नव्हते. त्या रात्री आमचं घर ज्वारीच्या रानात होतं. आजी पोरांना उराशी धरून बसली होती आणि मी तिला आयुष्यात एकदाच न गाता बसलेलं पाहिलं. नामांतराचा लढा पुढं 16 वर्षं चालला. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. या वर्षांत मराठवाड्यात जेवढी गाणी रचली गेली तेवढी त्याआधीच्या पन्नास वर्षांत रचली गेली नसतील, असं आमच्याकडचे शाहीर सांगतात. त्यांत विलाप थोडा आणि हजेरी जास्त. गाव, तालुका, मेलेल्याचं नाव, तारीख. कोर्टात ज्याची नोंद टिकली नाही, ते गाण्यात टिकवायचं. म्हटलं ना, हे गाणं हिशेबाचं आहे. फरक इतकाच की आता वही आपल्या हातात होती.

मग कॅसेटचं युग आलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांचे आवाज पानटपरीवर, टेंपोत, जयंतीच्या मांडवात. किल्लारीच्या भूकंपानंतर, 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर, लातूरच्या बाजारात भूकंपावरच्या गाण्यांच्या कॅसेटही दिसल्या. तिकडं बेसी स्मिथनं 1927 मध्ये पुरावर गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच वर्षी मिसिसिपीला महापूर आला. लोकांनी ते आपलं गाणं करून टाकलं. संकटाची बातमी गाण्यानं पोचवायची ही रीत दोन्हीकडं एक. धंद्याची रीतही एक. बेसी स्मिथच्या तबकड्या लाखांनी खपल्या, पण तिच्या करारात खपावर हिस्सा नव्हता. आमच्या ओळखीच्या एका शाहिरानं एका रात्रीत आठ गाणी गाऊन दिली, गाडीभाडं आणि एकरकमी पैसे घेतले, आणि नंतर स्वतःचीच कॅसेट नांदेडच्या बसस्टँडवर विकत घेतली.

इथं मला एका गोष्टीची काळजी वाटते. ब्लूज 1960 च्या दशकात इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी उचलला. रोलिंग स्टोन्स हे नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून. जगभर तो पोचला, मानाला चढला आणि ज्या मळ्यांवर जन्मला ते आता पर्यटकांना दाखवतात. तसंच कौतुक आता हलगीचं सुरू आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, महोत्सवांत, सिनेमांत, राजकीय सभांत हलगी लागते. 'आपला लोकवारसा' असं तिला म्हणतात. वारसा खराच, पण कुणाचा आणि कशाच्या बदल्यात मिळालेला, हे बोलल्याशिवाय तो शब्द वापरणं म्हणजे आजाला पुन्हा मांडवाबाहेर बसवणं.

आणि तरी हलगी परत आली आहे, आमच्याच घरात. माझ्या पुतण्यानं दहा-बारा पोरांचं पथक काढलं आहे. 14 एप्रिलला बाबासाहेबांची आणि 1 ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती, या दोन तारखांना ते बाहेरचं काम घेत नाहीत, त्या दिवशी वाजवणं घरचं. कातड्याच्या जागी आता फायबरचं पान आहे, ते तापवावं लागत नाही, पावसात सैल होत नाही. सुरुवातीला माझ्या बापाला ते रुचलं नाही. त्याच्या बापानं जे जाळलं ते नातवानं विकत आणलं म्हणून दोन महिने तो त्याच्याशी नीट बोलला नाही. मग एकदा पथकाला लग्नाची सुपारी आली, आणि ती नेमकी आमच्या गावातल्या वाड्यावरून. पुतण्यानं फोनवर सांगितलेलं बापानं शेजारी बसून ऐकलं: निम्मे पैसे आधी, जेवण पंगतीत पहिल्या बसणीला, फेटे तुमचे, वेळ रात्री दहापर्यंत, आणि बिलावर पथकाचं नाव पूर्ण छापायचं. पलीकडून घासाघीस झाली. पुतण्या म्हणाला, "परवडत नसंल तर डीजे लावा काका, आमची जबरदस्ती न्हाई."

बापानं तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "ह्या हलगीला किती पडले?" पुतण्यानं आकडा सांगितला. बाप म्हणाला, "मग दर कमी लावलास. वाढव."